केसं जेवत नाहीत

“केसं काही जेवत नसतात व सारिका,” जनकाबाई म्हणाल्या होत्या. “त्याईले रोज रोज काय भरवतं?”

हे थंडीतलं बोलणं. जनकाबाई अंगणात कोवळ्या उन्हाला पाठ देऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि त्यांची सून सारिका सहा वर्षांच्या यशोधराला पुढ्यात धरून नव्या क्रीमची डबी उघडत होती. डबीवरच्या बाईचे केस असे घरंगळत होते, जणू कुणी रेशमाचं ठाण उलगडून सोडलंय. सारिकानं सासूचं बोलणं ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

“आई, यात प्रोटीन आहे. केस कशाचे बनतात माहीत आहे का? प्रोटीनचेच.”

“हाव? मंग भाकरीसंगं दे तिले,” जनकाबाई म्हणाल्या आणि शेंगेतली अळी चिमटीत धरून कोंबडीकडे फेकली. “डोस्क्यावर काऊन थापतं?”

सारिका मेहकरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. सासूशी वाद घालायचा नाही हेही ती तिथंच कुठंतरी शिकली होती. तिनं बोटभर क्रीम घेतलं आणि यशूच्या केसांना मुळापासून टोकापर्यंत चोळलं. केस ओले होते तोवर लोण्यासारखे झाले. सारिकाचा जीव सुखावला. जनकाबाईंनी सोललेले दाणे पाखडायला घेतले, आणि विषय तिथंच मिटला.

यशूचे केस कुरळे. ते वळण थेट आजीचं. पदर सरला की जनकाबाईंच्या कानामागे अजूनही तशीच कुरळी बट दिसायची, फक्त पांढरी. मेहकरला होते तोवर या केसांचा कुणाला त्रास नव्हता. मग वीज खात्यात वायरमन असलेल्या प्रसेनजितची बदली मोताळ्याला झाली. इथून जवळच त्याचं गाव, म्हणून गावी एकट्या राहणाऱ्या जनकाबाईही कायमच्या त्यांच्याकडे राहायला आल्या. घर भाड्याचं असलं तरी ऐसपैस होतं. मागं मोरी, मोरीशेजारी पाण्याची टाकी, आणि टाकीत बोरचं पाणी. दिवाळीनंतर सारिकाच्या लक्षात आलं की यशूचे केस जरा रखरखीत लागताहेत. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण लेकीला डास चावला तर सारिका त्याची गांधी उतरेपर्यंत त्यावर नजर ठेवायची. केस कोरडे म्हणजे भुकेले, भुकेले म्हणजे त्यांना काहीतरी द्यायला हवं, असा सरळ हिशेब तिनं मांडला आणि बुलढाण्याहून डबी आणली.

इथूनच सगळं बिघडत गेलं.

केस वाळले की कडक व्हायचे. ओले असताना लोणी आणि वाळले की कापसाच्या वाळक्या झाडाची, पऱ्हाटीची काडी. फणी घातली की करकर आवाज यायचा. सारिकाला वाटलं, कमी पडलं असेल. मग आठवड्यातून दोनदा लावायचं क्रीम ती एक दिवसाआड लावू लागली आणि पुढं रोजच. केस आणखी ताठ झाले. हे क्रीम हलकं असेल म्हणून तिनं दुसरं आणलं, त्यावर केराटिन लिहिलेलं. तिसऱ्यात सोयाबीनच्या दुधाचं सत्त्व. ते पाहून प्रसेनजित म्हणाला, “आपल्या तालुक्यात सोयाबीनचे ढीग पडले, अन् तू डबीतलं विकत आणून राह्यली?” चौथं धुवायचं नव्हतंच, लावून तसंच ठेवायचं, बाटलीतून फवारायचं. त्यात ग्लिसरीन होतं. मोबाइलवर एक गोरीपान मुलगी सांगायची की हे लावलं की केस पाणी धरून ठेवतात. तिच्या मागं खिडकीला पडदे, पडद्यामागं पाऊस. मोताळ्यात मार्चचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

“काय चुकतंय?” सारिका यशूच्या डोक्याकडे पाहत पुटपुटायची. “सगळं तर करतेय मी.”

सगळं म्हणजे खरोखर सगळं. रात्री क्रीम, सकाळी फवारा, रविवारी डोक्याला टॉवेल गुंडाळून वाफ. या सगळ्यात एक गोष्ट हळूच निसटत होती आणि तिला ती कळत होती, म्हणून जास्त संताप येत होता.

शाळेतून आल्यावर यशू हातपाय धुऊन आईच्या पुढ्यात वेणी घालायला बसायची. एरवी ही पोर फार बोलणारी नाही. पण डोक्याला आईचे हात लागले की तिचं तोंड सुटायचं. कुणी कुणाच्या डब्यातलं लोणचं खाल्लं, बाईंना शिंका आल्या तेव्हा खडू कुठं उडाला, बाकावरच्या मुलीचं कुत्रं कसं मेलं, ते खरंच मेलं का झोपलंय. पाठमोरं बसून ती सगळं सांगून टाकायची. समोरासमोर विचारलं की मात्र “काही नाही”. लेकीच्या मनात काय चाललंय हे कळायची सारिकाची तेवढीच एक खिडकी होती.

आता यशू फणी दिसली की खांदे कानापर्यंत ओढून बसायची. एक शब्द नाही. फणी अडकली की नुसता श्वास आत घ्यायची. नंतर नंतर तर वेणीच्या वेळेला ती सापडेनाशी झाली. टाकीमागं लपायची, नाहीतर आजीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची.

“यशू, उघड. हळू करते मी.”

“तू रोज हळूच म्हणतेस!” आतून आवाज यायचा.

“राहू दे ना व,” जनकाबाईंचा आवाज त्यामागं. “एक दिवस वेणी नाही घातली तं काय पोट्टीचं लगन मोडते काय?”

सारिका दाराबाहेर फणी घेऊन उभी. स्वतःच्याच घरात वसुलीला आल्यासारखी.

एप्रिल लागला आणि वस्तीत जयंतीची गडबड सुरू झाली. विहाराच्या भिंतींवरचा जुना चुना खरवडायला पोरं लागली. मिरवणुकीत लहान मुलींची एक रांग असायची, पांढरे फ्रॉक, दोन वेण्या वर दुमडून बांधलेल्या, निळ्या रिबिनी. यशू यंदा पहिल्यांदा त्या रांगेत होती. रांग बसवणारी छायाताई कडक बाई. “सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत बरं का ताई,” तिनं सारिकाला विहारात बजावलं आणि मग यशूच्या डोक्याकडे पाहून थांबली. यशूच्या वेण्या दोन्ही बाजूंना आडव्या उभ्या होत्या, सायकलच्या हँडलसारख्या. “हिला... जरा तेल लावत जा ना.”

सारिकाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तेल लावत जा! घरात चार डब्या-बाटल्या असलेल्या बाईला!

त्या संध्याकाळी प्रसेनजित कामावरून आला, पायातले बूट काढता काढता त्यानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात मागं घेतला. “अरे बाप्पा! मी दिवसभर खांबावर तारा वढतो अन् घरी आलो का पोरीच्या डोस्क्यावर बी ताराच!”

त्याला वाटलं सगळे हसतील. यशूच्या डोळ्यांत पाणी आलं. सारिका भांडी जोरानं आपटायला लागली.

“आता तुले काय झालं?” तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

“काही नाही. माझंच चुकतं सगळं.”

“असं कोन म्हनलं? ... पाय, येवढा तरास आहे तं कापून टाक ना. बॉयकट. उन्हाळा आहे, पोरगी बी मोकळी होईन. केसं काय, पुन्हा येतात.”

सारिकानं चमचा खाली ठेवला. खरं तर हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. “शनिवारी बघू,” ती म्हणाली.

दाराआड उभ्या यशूनं ते ऐकलं. “बॉयकट केला तर मला रांगेत नाही घेणार,” ती म्हणाली. रडत नव्हती. कायदा सांगावा तसं सांगत होती. “बॉयकटवाल्यांना मागं पाण्याच्या गाडीजवळ उभं करतात.”

“कोण म्हणालं असं?”

“मला माहीत आहे.”

“छायाताई म्हणाली का?”

“काही नाही,” यशू म्हणाली, आणि आजीच्या खोलीत गेली. कडी वाजली.

दुसऱ्या दिवशी सारिका मोरीत पाणी तापवायला गेली. बादलीतून रॉड बाहेर काढला आणि तिचा हात थांबला. रॉडवर पांढरी खपली जमली होती, जाड, चुन्यासारखी. रोज ती नखानं काढून फेकायची. आज तिनं खपली तळहातावर घेतली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत पाण्याचा जडपणा मोजलेला तिला आठवला. रंग बदलला की थांबायचं. सरांनी तिची नोंद साऱ्या वर्गाला दाखवली होती. आणि ही बाई महिनोन्‌महिने त्याच जड पाण्यानं लेकीचं डोकं धुतेय! “काय शिकलीस गं तू,” ती स्वतःलाच म्हणाली.

पण चुकीचं का होईना, कारण सापडलं की माणसाला बळ येतं. तिनं प्यायच्या पाण्याचा जार मोरीत ओढत आणला. यशूला गोड बोलून, कैरीचं आमिष दाखवून आणलं. मधोमध भांग पाडला. उजवी बाजू बोरच्या पाण्यानं धुवायची, डावी जारच्या. बाकी सगळं सारखं ठेवायचं. प्रयोगाचा नियमच तो. शाम्पू तोच, टॉवेल तोच, आणि धुतल्यावर दोन्ही बाजूंना क्रीमही तेच आणि तितकंच.

जनकाबाई दारातून पाहत होत्या. “प्याच्या पान्यानं डोस्कं धुवून राह्यली? आता का देवानं विहीर देल्ली का तुले?”

“आई, प्रयोग आहे.”

“हाव बाई. कर.”

केस वाळेपर्यंत सारिकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर थोड्या वेळानं जाऊन ती हात लावून यायची. यशूची कैरी संपली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मग सारिकानं डोळे मिटून दोन्ही हातांनी दोन्ही बाजू चाचपल्या.

उजवी बाजू पऱ्हाटी. डावी बाजू... तीही पऱ्हाटीच. जरा बारीक काडीची, एवढंच.

ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर? बोरवर? डबीवरच्या रेशमी बाईवर? काही केलं नाही तर बिघडतं, केलं तर आणखी बिघडतं. या पोरीच्या डोक्याला आपला हातच सोसत नाही, असलं काहीतरी भलतं तिच्या मनात आलं आणि मग ते जाईना.

यशू समोर उभी होती. वेगवेगळ्या पाण्यानं धुतलेल्या दोन अर्ध्या डोक्यांची.

“मम्मी, आता कापशील ना?”

यशूनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कैरीची कोय टाकीमागं टाकून ती आत निघून गेली.

बऱ्याच वेळानं सारिका उठली. शनिवार उद्यावर आला होता. कापायचेच तर सासूच्या कानावर आधी घालायला हवं, नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल, म्हणून ती मागच्या पडवीत गेली आणि दारातच थांबली.

जनकाबाई पाटावर बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर. सारिकानं त्यांना असं उघड्या डोक्यानं क्वचितच पाहिलं होतं. त्यांच्या मागं यशू उभी, हातात संपत आलेली सोयाबीनवाली डबी. बोटानं कडा खरवडून खरवडून ती क्रीम काढत होती आणि आजीच्या पांढऱ्या केसांना लावत होती. तोंड अखंड सुरू होतं.

“...आणि मग बाई म्हणाल्या पुस्तक काढा, तर त्याच्या पुस्तकात मुंगळा होता आजी, हलू नका हं मॅडम, पार्लरमध्ये हलायचं नसतं, आणि तो मुंगळा ना...”

“हाव मॅडम. मंग मुंगय्याचं काय झालं?”

सारिकाची खिडकी बंद झाली नव्हती. नुसती इकडं उघडत होती.

यशूनं वळून पाहिलं आणि डबी पाठीमागं लपवली. जनकाबाईंनी झटकन पदर डोक्यावर ओढला.

“आई? हे काय?”

“काय नाही व. खेळ चाल्ला पोट्टीचा.”

“आजीचे पण टोचतात आता,” यशूनं मोठ्या माणसासारखी माहिती दिली. “माझ्यासारखे. आमचे सेम आहेत.”

“गप व. काही बी सांगतं.”

सारिका पुढं झाली. “बघू.”

“काय पाह्यतं त्याच्यात? म्हातारीचं डोस्कं.”

“आई, बघू द्या.”

तिनं पदर बाजूला केला आणि हात ठेवला. मागल्या वर्षी मेहकरला आल्या असताना जनकाबाई तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा सारिकानंच त्यांचे केस विंचरून दिले होते. पिंजलेल्या कापसात बोटं जावीत तशी फणी गेली होती. हे तिला लख्ख आठवलं. आता तिच्या बोटाखाली राठ, करकरीत, एकमेकाला चिकटून ताठ झालेली काडं होती. कानामागची कुरळी बट बाकदार तारेसारखी उभी होती.

“कधीपासून लावताय हे?”

“मी कुठं लावतो? हे लावते. थंडीपासून. म्हने आजी तू लावून घेशीन तं मी मम्मीजवळ बसन. मंग का करू? तू डबी घेऊन तिच्या मागं, ते डबी घेऊन माह्या मागं.”

“आणि केस असे झाले ते सांगितलं का नाही मला?”

“सांगतलं व्हतं ना तुले. केसं जेवत नाहीत म्हनून.”

“ते यशूचं! तुमच्याबद्दल कुठं बोललात?”

“माह्यं काय व,” जनकाबाई म्हणाल्या. “पदर असते वरून. माह्यं कोन पाह्यते?”

पोरीच्या डोक्यावरचा एकेक केस नजरेखालून घालणारी ही सारिका. त्याच घरात, त्याच पडवीत, एक दुसरं डोकं वाळत होतं आणि तिला पत्ता नव्हता. तिला स्वतःचा राग आला, सासूचा त्याहून जास्त आला. इतकं गप्प राहायचं?

आणि रागाच्या भरातच, बोटं त्या ताठ बटेवर असतानाच, तिच्या डोक्यात काहीतरी सरकलं.

“आई, तुमच्या गावी पाणी कुठलं होतं?”

“बोरचंच. याच्याहून खारं. दाय शिजत नव्हती त्याच्यात.”

“आणि डोकं त्याच पाण्यानं धुवायचात? इतकी वर्षं?”

“नाही तं का, तुह्यावानी जार आनत व्हतो?”

इतकी वर्षं असल्या पाण्यानं न्हाऊनही हे केस कापसासारखे होते. म्हणजे एकट्या पाण्याचा हा गुन्हा नव्हता. यशूचं ताट आणि आजीचं ताट यांत नवं काय वाढलं गेलं, तर फक्त हे. तिनं यशूच्या पाठीमागचा हात पुढं ओढला. रिकामी डबी. आणि प्रयोगात तिनं दोन्ही बाजूंना नेमकं तेच, तितकंच, निगुतीनं फासलं होतं!

ती आत गेली आणि बाकीच्या दोन डब्या आणि फवाऱ्याची बाटलीही घेऊन आली. पडवीतच बसून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. नावं चार होती, पण दूध, गहू, सोयाबीन, केराटिन फिरवून फिरवून तेच. प्रोटीन. केसाला काही पोट नसतं. जे लावलं त्यातलं बरंचसं वरच बसतं आणि वाळलं की त्याचा पापुद्रा होतो. रंगवून, जाळून ज्यांचे केस झिजलेत त्यांना तो आधार होतही असेल. सहा वर्षांच्या पोरीच्या धडधाकट केसांत भरून काढायला खड्डा होताच कुठं? पहिल्या पापुद्र्यावर दुसरा, त्यावर तिसरा, मधे बोरच्या पाण्याचे क्षार. वरून ग्लिसरीनचा फवारा. हवेत ओल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं. मोताळ्याच्या एप्रिलात हवेकडेच पाणी नाही, मग ते केसातलंच ओढणार.

विहाराच्या भिंतीवर पोरं हेच तर खरवडत होती. वर्षानुवर्षं चुन्याच्या हातावर हात चढले की भिंत जाड होते, तडकते. तिच्यावर आणखी एक हात मारून ती गुळगुळीत होत नाही. आधी खरवडावी लागते.

“मी चुना मारत बसले होते,” सारिका म्हणाली.

“कोनाले?” जनकाबाईंनी विचारलं.

“तुमच्या दोघींना.”

शनिवारी कात्री निघाली नाही. प्रसेनजितनं आठवण केली तर जनकाबाईच म्हणाल्या, “तू जाय खांबावर. घरातल्या तारा आमी पाहून घेतो.”

सारिकानं साध्या शाम्पूची पुडी आणली. ना दूध, ना सोयाबीन. जारच्या पाण्यानं यशूचं डोकं धुतलं, पुन्हा धुतलं, शेवटच्या तांब्यात लिंबाचे चार थेंब टाकून ओतलं, आणि हात आवरून बसली. ते आवरणंच सगळ्यात अवघड गेलं. केस वाळले ते पहिल्यासारखेच ताठ. सारिका पुन्हा खचली. हातानं आपोआप कपाटातली फवाऱ्याची बाटली काढलीसुद्धा. पण यशूकडे पाहिलं. तिचे खांदे कानाकडे चढायला लागले होते. सारिकानं बाटली परत ठेवली.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच धुतलं. या वेळी फणी अडकली, पण करकरली नाही. त्यानंतरच्या धुण्याला तळहातावर खोबरेलाचा एक थेंब घेऊन तिनं नुसत्या टोकांना पुसला. केस काही डबीवरच्या बाईसारखे झाले नाहीत, होणारही नव्हते. केसांसारखे होऊ लागले, इतकंच.

जयंतीच्या सकाळी सारिकानं यशूला पुढ्यात घेतलं. बाहेर ढोल तापवत होते. उजवी वेणी गुमान दुमडली आणि रिबिनीत बसली. डावी तेवढी ऐकेना. तिचं टोक कान टवकारलेल्या शेळीसारखं बाहेर राहिलं. सारिकानं ते आत खोचलं, ते पुन्हा बाहेर आलं.

“मम्मी,” यशू पाठमोरीच म्हणाली.

“दुखलं का?”

“नाही. तो मुंगळा होता ना, पुस्तकातला? तो मेला नव्हता. मीच त्याला खिडकीतून सोडला. बाईंना नाही सांगितलं.”

सारिकाचे हात जागीच थांबले. मग तिनं अगदी सावकाश, जणू तो मुंगळाच हातात आहे अशी, रिबिनीची गाठ मारली. “मग? कुठं गेला तो?”

यशू सांगत राहिली. शेळीचा कान तसाच राहिला. छायाताईनं तो पाहिला, ओठ मुडपले, आणि पोरीला रांगेत दुसऱ्या नंबरवर उभं केलं.

मिरवणूक चौकाकडे वळली तशी सारिका घरात आली. जनकाबाई ऊन सोसत नाही म्हणून मागंच राहिल्या होत्या. सारिकानं मोरीत जार ओढला, पाट टाकला आणि हाक मारली, “आई, या. तुमची पाळी.”

“मले कोन्त्या रांगेत उभं राहाचं हाय?”

“या म्हणते ना.”

जनकाबाई कुरकुरत आल्या, बसल्या. पदर सारिकानंच काढला. पहिला तांब्या ओतला, बोटं केसांत घातली आणि हळूहळू चोळू लागली. म्हातारीची मान जड होत होत मागं आली.

“माह्या मायनं धुतलं व्हतं असं,” जनकाबाई डोळे मिटून म्हणाल्या. “त्याच्यानंतर हे आता.”

सारिकानं पुढचा तांब्या भरला. घाई केली नाही.

आता वस्तीतल्या बायका तिला विचारतात, कोणतं क्रीम चांगलं, कोणतं लावू. सारिका नाव सांगत नाही. नंतर लावा, ती म्हणते, आधी एक करा. आणि हे वाचणाऱ्या तुमच्याकडेही तिचं मागणं तेवढंच आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, पदराखाली, टोपीखाली, रुमालाखाली, माझं कोण पाहतं म्हणून गप्प बसलेलं. आज हातात डबी, बाटली काही घेऊ नका. रिकाम्या हातानं त्यांच्याजवळ जा, आणि त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून बघा.